घोट्याला लवचीक टेप: ती काय करते, काय करत नाही आणि कशी लावायची

लवचीक टेप घोटा जखडून ठेवत नाही. हे सुरुवातीलाच सांगायला हवं, कारण ती घेणाऱ्या बहुतेकांना नेमकं तेच हवं असतं: पाय पुन्हा मुरगळू नये म्हणून घोटा कशाने तरी घट्ट धरून ठेवावा. पण जी पट्टी दोन बोटांनी ओढली तरी लांबते, ती उडी मारून खाली येणाऱ्या माणसाचं वजन अडवू शकत नाही. मग ती लावायची कशाला? तिचा उपयोग वेगळा आहे. तो नीट समजून घेतला तर ती कामाला येते. चुकीच्या अपेक्षेने लावली तर मात्र नुकसानच होतं, कारण टेप आहे या भरवशावर माणूस घोटा तयार नसताना मैदानात उतरतो.

पाय मुरगळतो तेव्हा आत काय घडतं

घोट्याच्या सांध्यात तीन हाडं एकत्र येतात. वरून नडगीचं हाड आणि त्याच्या बाहेरच्या अंगाचं बारीक हाड, म्हणजे फिब्युला, मिळून एक खाच तयार होते. खालून टॅलस नावाचं हाड त्या खाचेत बसतं. टॅलसचा माथा पुढे रुंद आणि मागे अरुंद असतो. पाऊल नडगीकडे वर ओढलेलं असलं की रुंद भाग खाचेत पक्का बसतो आणि सांधा हाडांच्या जोरावरच स्थिर राहतो. चवडा खाली झुकला की अरुंद भाग खाचेत येतो, सांध्यात मोकळीक वाढते आणि सगळी भिस्त लिगामेंटवर, म्हणजे हाडं एकमेकांना जोडणाऱ्या चिवट पट्ट्यांवर, येते. उडीवरून खाली येताना किंवा पायरी उतरताना चवडा खालीच असतो. पाय मुरगळतो तो बहुतेक वेळा याच अवस्थेत, चवडा खाली आणि तळवा आत वळलेला असताना.

बाहेरच्या बाजूला तीन लिगामेंट आहेत. घोट्याच्या बाहेरच्या हाडापासून पुढे टॅलसकडे जाणारं, एक खाली टाचेच्या हाडाकडे जाणारं आणि एक मागे जाणारं. यातलं पुढचं सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जास्त वेळा दुखावतं. चवडा खाली असताना तेच ताणलेलं असतं, आणि तिघांत कमकुवतही तेच. मुरगळल्यानंतर बाहेरच्या गोल हाडाच्या पुढे, किंचित खाली बोट ठेवलं की जिथे कळ उठते, ती हीच जागा.

लिगामेंटच्या जोडीला पोटरीच्या बाहेरच्या बाजूने खाली येणारे पेरोनियल स्नायू आहेत. त्यांचे कंडरे बाहेरच्या घोट्यामागून वळून पावलाकडे जातात आणि पाऊल बाहेर वळवतात, म्हणजे मुरगळण्याच्या नेमकं उलट दिशेला. मग हे स्नायू वेळेवर का धावून येत नाहीत? हिशेब वेळेचा आहे. पाऊल अचानक आत वळलं की या स्नायूंची प्रतिक्षिप्त क्रिया सुरू व्हायलाच साधारण ५० ते ८० मिलिसेकंद लागतात, आणि त्यानंतर स्नायूत पुरेसा जोर यायला आणखी थोडा वेळ जातो. पाऊल टेकल्यापासून इजा होईपर्यंतचा सगळा प्रकार एक-दोन दशांश सेकंदांत उरकतो. मदत निघते, पण पोहोचते उशिरा.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. घोट्याला वाचवतं ते मुरगळायला लागल्यावर केलेलं काम नव्हे, तर पाऊल टेकण्यापूर्वी केलेली तयारी. पाऊल हवेत असतानाच ते सरळ असायला हवं आणि पेरोनियल स्नायू आधीच थोडे आवळलेले हवेत. त्यासाठी मेंदूला पाऊल या क्षणी कुठल्या कोनात आहे ते अचूक कळायला लागतं. ही माहिती स्नायूंतून, लिगामेंटमधून, सांध्याच्या आवरणातून आणि त्वचेतून येते. लिगामेंट फाटतं तेव्हा त्यातले संवेदक तंतूही दुखावतात. १९६५ मध्ये ब्रिटनमधले हाडांचे डॉक्टर फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असं मांडलं की मुरगळलेल्या पायावर तोल सांभाळणं अवघड जातं ते याच बिघडलेल्या जाणिवेमुळे, आणि तोलाच्या व्यायामाने त्यात सुधारणा होते. नंतरच्या संशोधनाने या चित्रात बरीच भर घातली, पण व्यायामाचा धागा टिकून आहे. ‘मला माझ्या घोट्याचा भरवसा वाटत नाही’ अशी तक्रार सूज उतरल्यावरही महिनोन्महिने राहते, ती म्हणूनच.

टेपचा वाटा कुठे येतो

लवचीक टेप त्वचेला चिकटते, आणि पाऊल हललं की त्वचेला ओढते. पाऊल आत वळायला लागलं की बाहेरच्या बाजूची पट्टी ताणली जाते आणि ती ओढ जाणवते. टेपचं काम असलंच तर एवढंच: पावलाच्या स्थितीची एक जादा खूण त्वचेवाटे मेंदूला देणं.

ही खूण प्रत्यक्ष किती उपयोगी पडते? अभ्यासांचे निकाल एका सुरात नाहीत. निरोगी घोट्याला किनेसिओ टेप, म्हणजे लवचीक टेपचा सगळ्यांत परिचित प्रकार, लावून तोल मोजला तर बहुधा फरक दिसत नाही. ज्याची जाणीव मुळातच शाबूत आहे त्याला आणखी एका खुणेची गरज नसते, तेव्हा हे समजण्यासारखं आहे. ज्यांचा घोटा वारंवार मुरगळतो त्यांच्यात काही अभ्यासांत थोडी सुधारणा दिसते. काहींत ताण न देता नुसत्या चिकटवलेल्या टेपनेही तेवढाच फरक पडतो, आणि काहींत काहीच नाही. ताकद वाढते, स्नायू ‘चालू’ होतात, रंगानुसार परिणाम बदलतो, हे दावे मनावर घेऊ नका. निळी, गुलाबी आणि काळी टेप एकाच कापडाची आणि एकाच गोंदाची असते.

याउलट, एकदा मुरगळलेल्या घोट्याला कडक, न ताणणारी टेप किंवा ब्रेस, म्हणजे घोट्याभोवती बांधायचा तयार आधारपट्टा, लावून खेळलं तर पुन्हा मुरगळण्याचं प्रमाण कमी होतं, याचे पुरावे बरेच पक्के आहेत. म्हणून आमचं मत सरळ आहे. सामन्यात घोटा धरून ठेवायचा असेल तर दोरीने आवळायचा ब्रेस किंवा कडक टेप वापरा. तोलाचे व्यायाम करताना, हलक्या सरावात, किंवा कडक टेपची गरज संपल्यानंतरच्या मधल्या काळात मनात धाकधूक असेल, तर लवचीक टेप लावून बघायला हरकत नाही.

टेप तीन प्रकारच्या, घोटाळा एकच

‘इलॅस्टिक टेप’ मागितली की दोन अगदी वेगळ्या वस्तू हातात येऊ शकतात. पहिली किनेसिओ टेप. ती १९७० च्या दशकात जपानमध्ये केन्झो कासे यांनी विकसित केली आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकनंतर जगभर दिसू लागली. ती सुती कापडाची असते, आत लवचीक धागा असतो आणि मागे नागमोडी रेघांत लावलेला, उष्णतेने पकड घेणारा अॅक्रिलिक गोंद असतो. ती फक्त लांबीत ताणते, रुंदीत नाही. नेहमीचा रोल ५ सेंमी रुंद आणि ५ मीटर लांब असतो. ती तीन ते पाच दिवस अंगावर ठेवता येते आणि पाण्यात भिजली तरी चालते.

दुसरी म्हणजे जाड, खरखरीत, क्रेपसारख्या पोताची चिकट इलॅस्टिक पट्टी. तिची पकड किनेसिओ टेपपेक्षा बरीच जोरकस. ती घोट्याभोवती गुंडाळतात, बऱ्याचदा कडक टेपच्या वरून, आणि खेळ संपला की काढून टाकतात. ती लावून झोपायचं नाही.

तिसरी कडक झिंक ऑक्साइड टेप, बहुधा ३८ मिमी रुंद, अजिबात न ताणणारी. खरा यांत्रिक आधार हिचा. पण तीही कायम तशीच राहत नाही. २०-३० मिनिटांच्या जोरकस हालचालीनंतर तिची बरीचशी पकड सैल होते, म्हणून मध्यंतरात ती तपासावी लागते. ब्रेसचा फायदा इथेच: सैल झाला तर दोरी पुन्हा आवळता येते.

पुढचं सगळं पहिल्या प्रकाराबद्दल, म्हणजे किनेसिओ टेपबद्दल आहे.

ताणाचे टक्के: इथेच सगळे चुकतात

‘५० टक्के ताण द्या’ असं कुठे वाचलं की लोक १० सेंमीची पट्टी १५ सेंमीपर्यंत ओढतात. ते चूक आहे. टक्के पट्टीच्या लांबीचे नसतात. पट्टी जास्तीत जास्त जितकी लांबू शकते, त्या वाढीचे असतात. बहुतेक किनेसिओ टेप मूळ लांबीच्या सुमारे १४० टक्क्यांपर्यंत ताणते. म्हणजे १० सेंमी पट्टी जास्तीत जास्त १४ सेंमी होते, वाढ ४ सेंमी. पन्नास टक्के ताण म्हणजे या ४ सेंमीपैकी २ सेंमी. पट्टी झाली १२ सेंमी. पंचवीस टक्के म्हणजे ११ सेंमी. हातात धरल्यावर हा ताण फारच कमी वाटतो. तसाच वाटायला हवा.

प्रत्येक कंपनीची टेप थोडी वेगळी ताणते, म्हणून नवा रोल उघडला की एकदा मोजून घ्या. तुकडा कापा, कागद काढा, मधल्या भागावर पेनाने १० सेंमी अंतरावर दोन खुणा करा, पट्टीच्या बाजूला फुटपट्टी ठेवा आणि टेप आणखी लांबेनाशी होईपर्यंत ओढा. खुणांमधलं अंतर किती झालं ते लिहून ठेवा. मग हात सैल करून अर्ध्या वाढीवर थांबा आणि बोटांना तो ताण कसा लागतो ते लक्षात ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे, पण त्यानंतर अंदाजपंचे ओढणं थांबतं. आणखी एक: टेप कागदावर मुळातच किंचित ताणून बसवलेली असते. कागद काढल्यावर तुकडा थोडा आखडतो. त्याला दोष समजू नका.

पट्टीची दोन्ही टोकं, प्रत्येकी ४-५ सेंमी, शून्य ताणाने चिकटवायची. यांना अँकर म्हणतात. ताण द्यायचा तो फक्त मधल्या भागात. हा नियम मोडला की दोनच गोष्टी होतात. एक तर टोक सुटून मागे गुंडाळलं जातं, नाहीतर चिकटून राहतं आणि त्वचेला सतत ओढत राहून तिथे फोड आणतं. दुसरं जास्त वाईट.

लावण्यापूर्वी

त्वचा साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करा. तेल, मॉइश्चरायझर, वेदनाशामक मलम यांचा अंशही नको. केस दाट असतील तर कात्रीने किंवा ट्रिमरने बारीक करा. रेझर फिरवायचाच असेल तर आदल्या दिवशी, कारण ताज्या रेझरच्या त्वचेवर गोंद झोंबतो. टेप खेळण्याच्या किमान अर्धा तास आधी लावायची, तासभर आधी लावली तर उत्तम. गोंदाला पकड घ्यायला उष्णता आणि वेळ दोन्ही लागतात. घामेजल्या पायावर मैदानाच्या कडेला बसून लावलेली टेप पहिल्या दहा मिनिटांतच सुटायला लागते.

चांगली धारदार कात्री घ्या. बोथट कात्रीने कापड चुरगळतं आणि कडेचे धागे निघतात. तुकड्याचे चारही कोपरे गोल कापा, टोकदार कोपरा मोज्यात अडकून सर्वांत आधी उचलला जातो. गोंदाच्या बाजूला बोट लावू नका. कागद टोकापासून ४-५ सेंमीवर फाडून फक्त अँकरपुरता काढा आणि बाकीचा कागद पट्टी पुढे जाईल तसतसा सोडवत जा.

पावलाची स्थिती सर्वांत महत्त्वाची. पलंगाच्या किंवा टेबलाच्या कडेला पाय लांब करून बसा, टाच कडेच्या बाहेर ठेवा. पाऊल नडगीशी काटकोनात आणा आणि करंगळीची बाजू किंचित वर उचला. पाऊल लोंबकळत ठेवून टेप लावली तर ती नेमकी मुरगळण्याच्या स्थितीत बेतली जाते, आणि उभं राहिलं की घोट्यापुढे सुरकुत्या पडतात. ही स्थिती स्वतःची स्वतः धरून ठेवायला अवघड जाते, कारण वाकलं की पाऊल आपोआप सैल पडतं. चवड्याखालून टॉवेल घालून त्याची टोकं दुसऱ्या कुणाला धरायला सांगितली तर काम सोपं होतं.

तीन पट्ट्या

लांबी प्रत्येक पायाची वेगळी असते, म्हणून पट्टी पायावर आडवी-उभी धरून मोजा. खाली दिलेले आकडे मध्यम बांध्याच्या प्रौढ व्यक्तीसाठी अंदाज म्हणून आहेत. ताणल्यावर पट्टी वाढणार आहे हे कापताना विसरू नका, नाहीतर शेवटचं अँकर फार वर जातं.

पहिली पट्टी रिकिबीसारखी, सुमारे ४० ते ४५ सेंमी. घोट्याच्या आतल्या हाडाच्या १० सेंमी वर, पायाच्या आतल्या बाजूला अँकर ताणाशिवाय चिकटवा. तिथून आतल्या हाडावरून खाली अगदी हलक्या ताणाने तळव्याकडे या. टाचेच्या पुढच्या भागाखालून पट्टी बाहेरच्या बाजूला काढा. आता बाहेरच्या घोट्यावरून वर नेताना ५० ते ७५ टक्के ताण द्या आणि शेवटचे ४-५ सेंमी ताण पूर्ण सोडून चिकटवा. दिशा आतून बाहेर, हे घोकून ठेवा. अशाने ओढ पाऊल बाहेर वळवणारी मिळते. उलट लावली, म्हणजे बाहेरून सुरू करून आत संपवली, तर टेप पाऊल मुरगळण्याच्या दिशेलाच ओढते. आरशात किंवा चित्रात बघून लावताना ही चूक फार होते.

दुसरी पट्टी अर्ध्या आठासारखी, ३० ते ३५ सेंमी. तळव्याच्या कमानीवर, आतल्या कडेला अँकर. तिथून तळव्याखालून पावलाच्या बाहेरच्या कडेला या, ५० टक्के ताणाने ती कड वर उचलल्यासारखी करत पावलाच्या वरच्या बाजूवर चढा, घोट्याच्या पुढून तिरकं जाऊन नडगीच्या आतल्या बाजूला, हाडाच्या थोडं वर संपवा. घोट्याच्या पुढच्या घडीवर आलात की ताण २५ टक्क्यांच्या खाली आणा. चालताना ती घडी हजारो वेळा मिटते, आणि ताणलेली टेप तिथे हमखास कातडी सोलते. पूर्ण आठ गुंडाळणारेही आहेत. आमचा कल अर्ध्या आठाकडे आहे, कारण पट्टी पायाभोवती बंद वेढा घालत नाही आणि दिवसभरात थोडी सूज आली तरी रक्ताभिसरणाला अडचण होत नाही.

तिसरी पट्टी पेरोनियल स्नायूंवरून, ४० ते ४५ सेंमी. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला थोडं खाली हाडाचा एक उंचवटा हाताला लागतो. त्याच्या दोन-तीन बोटं खाली अँकर लावा. अगदी उंचवट्यावर नको, तिथून एक मज्जातंतू त्वचेच्या जवळून जातो. पायाच्या बाहेरच्या बाजूने खाली, बाहेरच्या घोट्याच्या मागून पावलाच्या बाहेरच्या कडेपर्यंत १५ ते २५ टक्के ताणाने न्या. या पट्टीपुरतं पाऊल हळूच आत वळवायचं असतं. त्या हालचालीने दुखत असेल तर ही पट्टी सरळ सोडून द्या, फार काही बिघडत नाही.

प्रत्येक पट्टी चिकटवून झाली की तळहाताने मधून टोकांकडे अर्धा मिनिट चोळा. टोकाकडून मध्याकडे चोळलं तर कड उचलली जाते. गोंद तापवायला हेअर ड्रायर लावू नका. त्याने गोंद इतका पकडतो की काढताना त्वचा सोबत येते.

मग उभं राहा, चार पावलं चाला, चवड्यांवर उभे राहा. तळव्याखाली सुरकुती जाणवली तर ती पट्टी लगेच काढून नवी लावा. ‘चालेल’ म्हणून सोडलेली ती बारीक सुरकुती तासाभरात फोड होते. शेवटी पायाच्या अंगठ्याचं नख दाबून सोडा, पांढरं पडलेलं नख दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवं. बोटांना मुंग्या, बधिरपणा, गारवा किंवा निळसरपणा आला तर टेप काढा. थोड्या वेळाने बरं वाटेल म्हणून थांबू नका.

टेपने खरंच फरक पडतो का, हे स्वतःच्या पायावर तपासा

अभ्यासांचे निकाल संमिश्र असले की स्वतःच्या पायावर तपासून बघणं सगळ्यांत शहाणपणाचं. चाचणी सोपी आहे. भिंतीजवळ अनवाणी, एका पायावर उभे राहा, हात कमरेवर, डोळे मिटलेले, २० सेकंद. दर वेळी हात कमरेवरून सुटला, डोळे उघडले, दुसरा पाय टेकला, किंवा चवडा वा टाच जमिनीवरून उचलली गेली, की एक चूक मोजा. मोजायला दुसरं कुणी हवं. तोल गेला तर धरता येईल इतक्या जवळ भिंत हवी.

पण एक सापळा आहे. आधी टेपशिवाय आणि नंतर टेप लावून चाचणी केली की दुसऱ्या वेळी चुका कमी होतातच, कारण तोवर सराव झालेला असतो. श्रेय मात्र टेपला मिळतं. म्हणून आधी दोन-तीन वेळा नुसता सराव करून घ्या. मग टेपशिवाय तीन वेळा, टेप लावून तीन वेळा, आणि दुसऱ्या दिवशी आधी टेप लावून, नंतर टेपशिवाय. चुका फक्त टेप असतानाच कमी होत असतील आणि दोन्ही दिवशी तसंच दिसत असेल, तर तुमच्या घोट्याला तिचा उपयोग आहे. फरक दिसत नसेल तर टेपवर खर्च करू नका, व्यायामाला वेळ द्या. ‘बरं वाटतं’ एवढाच फायदा होत असेल तर? व्यायाम करायला धीर येत असेल तर तेही चांगलंच. मात्र त्या धिराच्या जोरावर सामन्यात उतरू नका.

काय बिघडतं आणि का

तळव्याखालची पट्टी सगळ्यांत आधी सुटते. तिथली त्वचा जाड, घाम जास्त आणि घर्षण सततचं. मोजा ओढून चढवू नका. तो गोळा करून बोटांवर ठेवा आणि उलगडत वर न्या. कड सुटली तर सुटलेला भाग कापून टाका. दुसऱ्या टेपने दाबून चिकटवत राहिलं तर खाली ओल साठते. अंघोळीनंतर टेप टॉवेलने घासू नका, दाबून टिपा.

खाज दोन प्रकारची असते. पट्टीच्या टोकापाशीच लालसरपणा असेल तर बहुधा अँकरला ताण दिला गेलाय. पुढच्या वेळी तिथे ताण देऊ नका. लालसरपणा संपूर्ण पट्टीच्या आकाराचा असेल, पुरळ पट्टीबाहेर पसरत असेल किंवा खाज वाढतच असेल, तर गोंद सोसत नाहीये. टेप लगेच काढा आणि तोच गोंद पुन्हा वापरू नका. पहिल्यांदा वापरणाऱ्यांनी ५ सेंमीचा एक तुकडा ताणाशिवाय २४ तास लावून बघावा.

काढताना घाई हा सगळ्यांत मोठा गुन्हा. जखमा टेप लावून होत नाहीत तेवढ्या ती फाडून काढण्याने होतात. टेपवर खाण्याचं किंवा बाळाला लावायचं तेल चोळून पाच-दहा मिनिटं थांबा. मग वरून खाली, केसांच्या दिशेने, पट्टी स्वतःवरच घडी घालत त्वचेला लगटून मागे न्या आणि दुसऱ्या हाताने त्वचा पट्टीपासून दूर दाबत चला. सरळ वर उपटायची नाही. पुढची टेप लावण्यापूर्वी त्वचेला किमान एक दिवस मोकळा द्या.

कुणी लावू नये, आणि कधी आधी डॉक्टर

जखम, फोड, बुरशीचा किंवा जंतूंचा संसर्ग असलेल्या त्वचेवर टेप नको. पोटरीत नवी सूज, दुखणं आणि ऊब असेल तर रक्ताची गुठळी असण्याची शक्यता असते. तिथे टेपचा विचार सोडून तातडीने डॉक्टरांकडे जा. मधुमेहामुळे पावलांची जाणीव कमी झालेल्यांनी आपल्या आपण टेप लावू नये, कारण फोड आला तरी त्यांना कळत नाही. वयस्कर माणसांची आणि बराच काळ स्टिरॉइड घेणाऱ्यांची पातळ त्वचा टेपसोबत निघून येऊ शकते.

नुकताच पाय मुरगळला असेल तर आधी हाड मोडलंय का हे पाहायचं. कॅनडातल्या ओटावा इथे १९९२ मध्ये तयार झालेले नियम त्यासाठी जगभर वापरतात. घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या हाडाच्या मागच्या कडेवर, खालच्या ६ सेंमी भागात किंवा टोकावर दाबल्यावर दुखत असेल, किंवा पडल्यानंतर लगेच आणि तपासणीच्या वेळीही चार पावलं टाकता येत नसतील, तर घोट्याचा एक्स-रे काढायला हवा. पावलाच्या बाहेरच्या कडेला करंगळीच्या लांब हाडाच्या मागच्या टोकाशी, किंवा आतल्या बाजूला कमानीच्या वरच्या हाडावर दुखत असेल तर पावलाचा एक्स-रे. लंगडत टाकलेलं पाऊलही पाऊलच धरतात. हे नियम प्रौढांसाठी आहेत. लहान मुलांच्या हाडांची वाढ सुरू असते, त्यामुळे त्यांच्या बाबतीत स्वतः निर्णय घेऊ नये.

टेप कधी सोडायची

टेपच्या जोडीला व्यायाम नसेल तर टेप लावण्यात अर्थ नाही. एका पायावर ३० सेकंद, तीन वेळा, इथून सुरुवात करा. हे डोळे उघडे ठेवून न डगमगता जमलं की उशीवर उभे राहा, मग उशीवर उभे राहून चेंडू फेका आणि झेला, मग डोळे मिटून जमिनीवर. जोडीला रबरी पट्ट्याने पाऊल बाहेर वळवण्याचे १५ चे तीन सेट आणि एका पायावर टाच उचलून चवड्यावर उभं राहण्याचे तीन सेट. आठवड्यातून चार-पाच दिवस, किमान सहा ते आठ आठवडे. लिगामेंट भरून यायला महिने लागतात, तेव्हा दुखणं थांबलं म्हणून व्यायाम थांबवू नका.

टेप एकदम काढून टाकू नका, एकेक काम तिच्याविना करत जा. आधी घरातले तोलाचे व्यायाम, मग सरळ रेषेतलं धावणं, मग दिशा बदलत धावणं, आणि सगळ्यांत शेवटी उड्या. प्रत्येक टप्प्यावर आठवडाभर टेपशिवाय काम करून बघा. एका पायावर पुढे, बाजूला आणि तिरकी अशा तीन दिशांत उडी घेऊन दोन सेकंद स्थिर उभं राहता आलं, आणि ते दुखऱ्या पायाला दुसऱ्या पायाइतकंच सहज जमलं, तर सरावातली टेप बंद करा. सामन्यासाठी मात्र पहिल्या मोसमात ब्रेस राहू द्या.